उन्हातान्हात काम करणाऱ्यांसाठी त्वचेची साधी निगा

माझं औषधाचं दुकान मजूर अड्ड्याला लागून आहे, समोरच रिक्षा स्टँड. सकाळी शटर वर केलं की पहिल्या तासाभरात गवंडी, बिगारी, डिलिव्हरीवाली मुलं, सफाई कामगार आणि लोकल पकडायला निघालेले नोकरदार अशी गर्दी होते. त्वचेसाठी त्यांच्या मागण्या साधारण दोनच असतात. 'खाजेची एखादी ट्यूब द्या', नाहीतर 'उन्हानं काळं पडलंय, उजळायला काहीतरी द्या'. यातल्या बऱ्याच जणांना ट्यूबची गरजच नसते आणि काहींचं तर ट्यूबनंच वाटोळं केलेलं असतं. त्वचेची निगा म्हणून ज्यांनी आजवर काहीच केलं नाही आणि सुरुवात कुठून करावी हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हातात पैसे कमी असतील तर ते कोणत्या क्रमानं खर्च करायचे, तेवढं आधी सांगतो. पहिला खर्च कपड्यावर. दुसरा साबण आणि स्वतःच्या वेगळ्या टॉवेलवर. तिसरा रात्री लावायच्या साध्या व्हॅसलीनवर किंवा तेलावर. सनस्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि तेही सगळ्यांना लागतंच असं नाही. जाहिराती हा क्रम बरोबर उलटा सांगतात.

रापण्याबद्दलही एक गोष्ट मनातून काढून टाका. उन्हात त्वचा गडद होते कारण ती स्वतःला वाचवण्यासाठी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त बनवते. हा आजार नाही. उन्हाचा मारा कमी झाला की काही आठवडे-महिन्यांत रापलेला रंग हळूहळू निवळतो. तो घासून निघत नाही आणि कुठल्याही क्रीमनं आठवड्यात जात नाही. आपल्याला टाळायच्या आहेत त्या गोष्टी वेगळ्या: भाजणं, घामोळं, गजकर्ण, भेगा, वांग आणि हातांचा इसब.

ऊन कधी टाळायचं, ते सावलीला विचारा

साधारण सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत उन्हातले अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात. घड्याळ पाहायचं नसेल तर स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे असं धरून चाला. मे महिन्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत भर दुपारी उघड्या हातांनी स्लॅबवर उभं राहणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

मोबाइलवर हवामान दाखवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये 'यूव्ही इंडेक्स' असा आकडा असतो, तो अतिनील किरणांची तीव्रता सांगतो. तो ३ च्या वर गेला की अंग झाकायला सुरुवात करायची, ८ च्या वर गेला की गंभीरपणे घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो ११ च्याही वर जातो. हा आकडा आणि अंगाला जाणवणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरच्या गार हवेत दुपारचं ऊन छान वाटतं, पण किरण असतातच. विरळ ढग असले तरी बरेच किरण खाली पोचतात. वाळू, पाणी आणि नुकतंच घातलेलं काँक्रीट यांच्यावरून ते परतूनही येतात, त्यामुळे टोपी घातलेली असली तरी हनुवटीखालची जागा रापते.

काचेच्या आत बसणाऱ्यांनीही हे वाचावं. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत येतात. त्वचा भाजणारे यूव्हीबी साध्या काचेत बरेचसे अडतात. त्वचा जून करणारे, सुरकुत्या आणि डाग आणणारे यूव्हीए काचेतून आत येतात. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. कॅबवाल्यांनी आणि एसटीच्या चालकांनी आपले दोन्ही हात शेजारी ठेवून एकदा पाहावेत.

पहिली पायरी: कपडा

शेतात खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचतात. उन्हापासून संरक्षणाची याहून स्वस्त आणि चांगली तऱ्हा मला माहीत नाही. तो शर्ट दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, घामानं वाहून जात नाही आणि रोज विकत घ्यावा लागत नाही.

कपडा निवडताना तो उजेडासमोर धरून पाहा. विणीतून आरपार उजेड दिसत असेल तर त्यातून किरणही येतात. घट्ट विणीचा आणि थोडा गडद रंगाचा कपडा जास्त किरण अडवतो. पातळ पांढरा सुती कपडा हवेशीर असला तरी आडोसा कमी देतो, आणि घामानं ओला होऊन अंगाला चिकटला की आणखी कमी. पण गडद कपडा तापतो, म्हणून तो सैल हवा, आतून हवा खेळेल असा. विदर्भात डोक्याला आणि कानांना गुंडाळतात त्या पांढऱ्या दुपट्ट्याचे दोन-तीन पदर होतात, त्यामुळे पांढरा असूनही तो चांगलं काम करतो.

नेहमीच्या टोपीनं कपाळ झाकतं, पण कान आणि मानेचा मागचा भाग उघडाच राहतो. उन्हात भाजतात ते नेमके हेच. चहूबाजूंनी काठ असलेली टोपी घ्या, नाहीतर टोपीखालून मानेवर पंचा सोडा. सिग्नलवर मिळतात त्या हातमोज्यासारख्या बाह्या दुचाकीवाल्यांना बऱ्या. फक्त त्या रोज धुवायच्या. एकच जोड असेल तर रात्री धुवून पंख्याखाली टाकली तरी सकाळपर्यंत वाळते.

पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींचा चेहऱ्याला बांधायचा स्कार्फ उन्हासाठी आणि धुळीसाठी उत्तमच. त्याची एक अडचण मात्र दुकानात वारंवार दिसते. हनुवटीवर आणि गालाच्या खालच्या भागात पुरळ घेऊन मुली येतात. विचारलं तर कळतं की स्कार्फ आठवडाभर डिकीत पडून असतो आणि रविवारी धुतला जातो. धूळ, घाम आणि तेल सहा दिवस त्याच जागी घासत राहिलं तर दुसरं काय होणार? दोन-तीन सुती स्कार्फ ठेवा आणि रोज बदला. हेल्मेटचंही तसंच. कपाळावर केसांच्या कडेनं पुटकुळ्या येत असतील तर आतलं अस्तर काढून धुवा. निघणारं नसेल तर हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. दुसऱ्याचं हेल्मेट घालायची वेळ आली तर ही टोपी आणखीच कामाची.

दुसरी पायरी: घाम, साबण, टॉवेल

घामाच्या ग्रंथींची तोंडं बंद झाली की घाम त्वचेखाली अडकतो आणि घामोळं उठतं. ते पाठीवर, छातीवर, कमरेच्या पट्ट्याखाली आणि बॅगेच्या पट्ट्याखाली येतं. त्यावर उपाय गारव्याचा: सैल सुती कपडे, गार पाण्यानं आंघोळ, जमेल तेव्हा वारा. जास्त चुणचुणत असेल तर कॅलामाइन लोशन लावा, स्वस्त आहे. मेंथॉलच्या पावडरीनं थोडा वेळ गार वाटतं, म्हणून लोक डबेच्या डबे रिकामे करतात. पण घामात भिजून पावडरीचे गोळे होतात आणि जांघेत, काखेत तेच घासायला लागतात. लावायचीच तर पूर्ण कोरड्या अंगावर, अगदी हलकी. घामोळ्यांच्या दिवसांत अंगाला तेल चोळू नका.

कामावरून आल्यावर आंघोळ करा, निदान मान, काख, जांघ आणि पाय तरी धुवा. सकाळची आंघोळ एक वेळ चुकली तरी चालेल, संध्याकाळची चुकवू नका, कारण दिवसभराचा घाम आणि धूळ रात्रभर अंगावर ठेवून झोपणं सगळ्यात वाईट. पाणी कोमट किंवा गार घ्या. थंडीत कडक पाण्यानं बरं वाटतं, पण त्यानं त्वचेचं तेल निघून जातं आणि मग रात्रभर खाज सुटते.

साबण घेताना वेष्टनावर 'टीएफएम' लिहिलेलं असतं, ते वाचा. साबणातल्या मेदाचं हे प्रमाण. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो पहिल्या दर्जाचा, म्हणजे ग्रेड १ चा साबण. वेष्टनावर 'बेदिंग बार' असेल तर तो या दर्जांत मोजला जात नाही. महागडा सुगंध आणि हिरोईनचा फोटो यांच्यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. चेहरा दिवसातून दोनदा धुतला की पुरे, मधे नुसतं पाणी मारा. कपड्याच्या वडीनं अंग धुणारे अजूनही आहेत. कृपा करून ते थांबवा. आणि नायलॉनची खरखरीत घासणी तर अंगाला लावूच नका. पाठीवर, दंडावर, गळ्याच्या हाडावर जाळीदार काळे डाग घेऊन माणसं येतात, ते वर्षानुवर्षं घासूनच आलेले असतात. मळ समजून ती आणखी जोरात घासतात आणि डाग आणखी गडद होतात.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. एका खोलीत सहा-सात जण राहतात तिथं हे अवघड आहे, मला कळतं. तरीही जिथं एक टॉवेल सगळ्यांचा असतो, तिथं एकाचं गजकर्ण महिन्याभरात सगळ्यांचं होतं.

गजकर्ण, आणि ती ट्यूब

या विषयावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथंच होतं.

जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा येतो. कडा उठलेल्या, लालसर, मधे थोडं निवळलेलं, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. हे बुरशीचं दुखणं. घाम, ओली अंतर्वस्त्रं, घट्ट जीन्स आणि दिवसभर बसून गाडी चालवणं, सगळं त्याच्या पथ्यावर पडतं. माणूस मेडिकलमध्ये येतो, 'खाजेची ट्यूब' मागतो आणि अनेक ठिकाणी त्याला बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं मलम मिळतं. दोन दिवसांत खाज थांबते, चट्टा फिका पडतो, माणूस खूश होतो. स्टेरॉइडनं शरीराची प्रतिक्रिया दाबली, बुरशी तशीच राहिली. ट्यूब थांबली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन येतो, मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत जांघेतली त्वचा पातळ होते आणि तिथं लाल-जांभळे चिरे पडतात. ते चिरे कायमचे असतात.

चेहऱ्यावर तर आणखी वाईट. मैत्रिणीनं सांगितलं, पार्लरमध्ये दिलं, म्हणून लावलेल्या 'उजळ' करणाऱ्या क्रीममध्ये हेच स्टेरॉइड असू शकतं. आधी चेहरा उजळतो. मग तो लाल होतो, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात, बायकांना गालांवर केस येतात. क्रीम बंद करावं तर सगळं उसळून येतं, म्हणून ते सुटत नाही. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल, तर ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही विकली जातात. हा माझ्याच व्यवसायाचा दोष आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही मागितलंच नाही तर निदान तुमच्यापुरता तो थांबेल.

गजकर्ण झालंच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आता ही बुरशी पूर्वीसारखी झटकन ऐकत नाही, औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. खाज थांबली म्हणून मधेच सोडलं की ती परत येते. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्यांनाही सोबत न्या. अंतर्वस्त्रं रोज बदला, गरम पाण्यात धुवा, उलटी करून कडक उन्हात वाळवा. उन्हाचा हा एक चांगला उपयोग. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. ज्यांच्या कामात दिवसभर घाम येतो त्यांनी पिशवीत एक कोरडी बनियन ठेवावी आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावी. आणि ते भगभगणारं मलम, ज्यानं सालपटं निघतात, ते जांघेला लावून घेऊ नका. जळलेल्या त्वचेची पीडा वेगळी आणि बुरशी पुन्हा जिथल्या तिथं.

तिसरी पायरी: रात्रीचा ओलावा

आंघोळ झाल्यावर अंग रगडून पुसू नका, टिपून घ्या आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच काहीतरी स्निग्ध लावा. क्रीम असो, खोबरेल असो की व्हॅसलीन, ते असलेला ओलावा आत धरून ठेवतं. कोरड्या खडखडीत त्वचेवर तासाभरानं लावलं तर निम्मा फायदा जातो. ग्लिसरीन लावायचं तर थोडं पाणी मिसळून. दिवसा उन्हात जाताना जाड तेल किंवा व्हॅसलीन नको, त्याखाली घाम कोंडतो. हे काम रात्रीचं.

दमट हवेत, मुंबई-कोकणात, पावसाळ्यात अंगाला काही लावायची गरज कमी पडते. नाशिक, जळगाव, नागपूरकडच्या हिवाळ्यात मात्र नडग्या मासळीच्या खवल्यांसारख्या फुटतात, तिथं रोज लावायलाच हवं.

टाचांच्या भेगांसाठी वेगळी दहा मिनिटं काढा. कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, वजरीनं मेलेली कातडी हलक्या हातानं काढा, पुसा आणि जाड थर लावून सुती मोजे घालून झोपा. कोकणात यासाठी कोकमाच्या बियांचं तेल वापरतात. त्याचा घट्ट गोळा मिळतो, तो वाटीत किंचित गरम केला की पातळ होतो आणि भेगेत शिरून परत थिजतो. व्हॅसलीनही चांगलंच काम करतं. भेगेतून रक्त येत असेल तर वजरी नको. मधुमेह असेल तर ब्लेड, वजरी, गरम पाणी या तिन्हींपासून लांब राहा आणि रोज रात्री तळवे उजेडात पाहा, कारण अशा पायांना काचही रुतलेली कळत नाही.

चौथी पायरी: सनस्क्रीन, हिशेबानं

कपड्यानं जे झाकत नाही, त्याच्यासाठी सनस्क्रीन. ट्यूबवरचा 'एसपीएफ' हा आकडा यूव्हीबीपासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो. एसपीएफ ३० यूव्हीबीचे साधारण ९७ टक्के किरण अडवतं आणि एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे ३० पासून पुढं सगळी चालतात, ७० आणि १०० च्या मागे धावून जास्त पैसे घालवू नका. ट्यूबवर 'पीए' या अक्षरांपुढं अधिकची चिन्हं असतात, ती यूव्हीएसाठी. तीन किंवा चार असतील तर बरं.

आता खरा हिशेब. चेहरा आणि मान यांना पुरेसं सनस्क्रीन म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबभर पट्टी. वाटाण्याएवढं लावलं तर ट्यूबवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. घराबाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. नुसतं दोनदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब तीनेक आठवड्यांत संपते. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला हा खर्च दरमहा झेपणं कठीण. म्हणून म्हणतो, आधी कपडा. ऑफिसला जाताना तासभरच उन्हात असणाऱ्यांनी सकाळी एकदा आणि परतायच्या वेळी ऊन असेल तर तेव्हा एकदा लावलं तरी पुष्कळ.

वांग असणाऱ्यांसाठी मात्र सनस्क्रीन हे औषधच समजा. गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर ते तपकिरी डाग येतात. बाळंतपणाच्या आसपास किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना जास्त. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हे डाग साध्या दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतात. म्हणून त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन साध्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. ओठ विसरू नका, खालच्या ओठावर ऊन थेट पडतं.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. लिंबाच्या रसातले काही घटक उन्हाशी मिळून त्वचा जाळतात, फोड येतात आणि मागे काही महिने काळे ओघळ राहतात. उन्हानं भाजलंच तर गार पाण्याच्या घड्या ठेवा, नंतर साधं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन लावा, भरपूर पाणी प्या. टूथपेस्ट नको.

आणि छापील माहिती नसलेलं, परदेशी म्हणून खपवलेलं गोरेपणाचं क्रीम कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना असेच रुग्ण सापडले होते.

ज्याचं काम, त्याची काळजी

गवंडीकामातला ओला सिमेंट तीव्र अल्कली असतो, म्हणजे त्वचा जाळणारा क्षार. माल कालवणाऱ्याचे हात पाहा. पेरांवरची कातडी पांढरट, कागदासारखी सुकलेली, बोटांच्या बेचक्यांत बारीक चिरा, आणि नखांच्या कडेला भोकं पडल्यासारखे खड्डे. काहींना सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी होते आणि मग हातांचा इसब वर्षानुवर्षं छळतो. रबरी हातमोजे घाला, पण आत सिमेंट शिरलं तर लगेच काढून धुवा, कारण हातमोज्यात किंवा गमबुटात अडकलेलं सिमेंट तासाभरात खोल भाजू शकतं. दर सुट्टीत हात भरपूर साध्या पाण्यानं धुवा. घरी गेल्यावर धुऊ, असं नको.

गॅरेजमध्ये ग्रीस काढायला पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर वापरतात. त्यानं ग्रीसबरोबर त्वचेचं तेलही जातं. थोडं खाण्याचं तेल हाताला चोळा, ग्रीस सुटेल. चिंध्यांनी पुसा आणि मग साबण लावा.

शेतात आणि रस्त्याकडेच्या कामात गाजर गवताकडे लक्ष ठेवा, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात त्याची तणासारखी वाढ पहिल्यांदा नोंदली गेली ती पुण्यात, १९५० च्या दशकात. त्याचे सुकलेले कण हवेतून उडून चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या आतल्या घडीत बसतात. तिथं खाज सुटते आणि पुढं त्वचा जाड, काळी होते. बहुतेक जण याला उन्हाची ॲलर्जी समजतात. ओळखायची खूण अशी: उन्हाची ॲलर्जी सहसा पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालची सावलीतली जागा सोडते, गवताची तिथंही येते. ते उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ज्याला एकदा झालं त्यानं उपटायलाच जाऊ नये.

फवारणीचं औषध त्वचेतूनही आत जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, पाठीवरचा पंप गळत असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत काम थांबवा, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ, मग लेकरांना जवळ घेणं. ते कपडे वेगळे धुवा.

पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांना आणि साचलेल्या पाण्यातून रोज ये-जा करणाऱ्यांना पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी आलं की पाय धुवून प्रत्येक बेचका वेगळा कोरडा करा, ओले बूट दुसऱ्या दिवशी परत घालू नका, शक्यतो उघड्या चपला वापरा. कातडी पांढरी होऊन सुटली असेल तर क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या औषधाचं साधं मलम किंवा पावडर चालते, पण नुसतंच, स्टेरॉइड न मिसळलेलं. पायाला जखम असताना मुंबईतल्या तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जा. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून डॉक्टर गोळी देतात.

दवाखान्यात कधी जायचं

कुठलीही जखम तीन-चार आठवड्यांत भरत नसेल तर. तळहात, तळपाय किंवा नखाखाली काळा डाग नव्यानं आला असेल, वाढत असेल तर. फोडांत पू, ताप, पसरत जाणारी लाली असेल तर त्याच दिवशी. आणि फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथं खाजही नाही, घामही नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही, असं असेल तर लाजू नका, लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो, हातापायाला काही होत नाही. उन्हात काम करताना कुणी बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर ते त्वचेचं प्रकरण उरत नाही. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

खाजगी त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. केसपेपरसाठी रांग सकाळीच लागते, त्यामुळे लवकर पोचा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी संपलेल्या आणि पिळून चपट्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. साबणाचं वेष्टनही न्या. त्या दिवशी चट्ट्यावर काहीही चोपडू नका, कारण बुरशी तपासायची तर डॉक्टर तिथली थोडी कातडी खरवडून घेतात आणि वर मलमाचा थर असला की तपासणीत काही दिसत नाही.